विमान कंपनीची शेवटची प्रमुख

अध्यक्षांनी मला रविवारी दुपारी घरी जेवायला बोलावलं तेव्हाच मला अंदाज आला. इतक्या वर्षांत त्यांनी ऑफिसबाहेर मला कधी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

आमची विमान कंपनी देशातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक. तिचे जुने प्रमुख संक्रांतीच्या सुमारास राजीनामा देऊन मोकळे झाले होते. परदेशात चांगली संधी मिळाली, असं सगळ्यांना सांगण्यात आलं. मग त्यांच्या जागेसाठी माणूस शोधणं सुरू झालं. बाहेरचे दोघे येऊन गेले. पहिल्याने आठवडाभर कागद चाळले आणि नकार कळवला. दुसरा त्याच्याहून शहाणा, त्याने कागदच मागितले नाहीत. आमच्यातले वित्तप्रमुख या खुर्चीवर टपून बसलेत असं सगळे म्हणायचे, तर त्यांनीच एका सकाळी राजीनामा टाकला. राहता राहिले मी. विमानतळांवरच्या कामकाजाची प्रमुख. काउंटरवरची मुलं-मुली, सामान चढवणारे, व्हीलचेअर ढकलणारे, हे सगळे माझ्याकडे.

जेवण झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही आतल्या आहात. लोक तुमचं ऐकतात."

मी विचारलं, "मला कंपनी चालवायला बसवताय की बंद करायला?"

त्यांनी बडीशेपेची वाटी माझ्याकडे सरकवली. "कुणीतरी खुर्चीत हवं ना," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. मोह नव्हता असं नाही. औरंगाबादच्या विमानतळावर लोकांच्या पेट्यांना पट्ट्या लावत मी सुरुवात केली होती, आणि तिथून इथवर आल्यावर कुणी दार उघडून धरलं तर आत पाऊल टाकावंसं वाटतंच. पण दुसरंही एक होतं. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी बाहेरून कुणीतरी आणला असता, ज्याला माझी माणसं म्हणजे फक्त एक आकडा वाटली असती. निदान मी त्यांना ओळखते, असं मला वाटलं. ओळखण्याने काही होत नाही हे मला पुढे कळलं.

जुने प्रमुख परदेशी गेलेच नव्हते; माझ्यासाठी म्हणून एक दिवस दिल्लीहून आले. कारभार समजावून सांगायला तासभरही लागला नाही, कारण सांगण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. अर्धी विमानं भाड्याची, त्यांचे मालक दारात. इंजिनं दुरुस्तीला गेलेली, ती परत येत नव्हती. इंधनवाले रोख घेतल्याशिवाय नळी जोडत नव्हते. सगळं बोलून झाल्यावर ते उठले आणि दाराशी थांबले.

"एक सांगतो," ते म्हणाले. "सकाळी तळघरातून या. तिथे मागे एक लिफ्ट आहे. समोरून आलात की लोक विचारत राहतात."

एवढाच त्यांचा उपदेश. मला तेव्हा त्यांचा राग आला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम समोरच्या दारातून गेले, आणि सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मराठी पेपरात फोटोसकट बातमी आली आणि आमच्या गावाहून, तलवाड्याहून भावाचा फोन आला.

आमच्या घरात खुर्चीचं मला नवल नव्हतं. आण्णा, म्हणजे आमचे वडील, पंचायत समितीवर होते. ते गेले तेव्हा सोयऱ्यांनी भावाला दुखवट्याचा फेटा बांधला आणि त्याच सतरंजीवर पुढच्या निवडणुकीचं बोलणं झालं. मी थोरली. मला कुणी विचारलं नाही, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आण्णांची जागा भावाची, हे उन्हाळ्यानंतर पावसाळा यावा इतकं सरळ होतं. तो सरपंच झाला, आता जिल्हा परिषदेची तयारी करत होता.

"आक्का, शुक्रवारी सत्कार ठेवलाय," तो म्हणाला. "येशीपासून मिरवणूक."

"नको रे."

"नको कावून? बॅनर लागलेत. गेवराईच्या चौकात हाय, बीडच्या बायपासला हाय. आमदार येतो म्हनलेत."

"जरा बाजूला जा आणि ऐक," मी म्हटलं. "ही कंपनी राहत नाही. वर्षसुद्धा काढेल असं वाटत नाही. मला बंद करायला बसवलंय."

पलीकडे मागे ट्रॅक्टर चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

"हे अजून कुनाला बोललीस का?"

"नाही."

"मग बोलू नको. वर्साभरात निवडणूक हाय."

"अरे, आपल्या भागातली पोरं आहेत तिथं कामाला. त्यांना तरी आधी कळलं पाहिजे ना."

"ते मंग बघू आक्का. तू फकस्त ये. आईला लई हौस हाय."

मी गेले. वेशीच्या बाहेर दोन जेसीबी उभे होते. मी गाडीतून उतरले तशी त्यांच्या सोंडा वर गेल्या आणि झेंडूच्या पाकळ्यांचा लोंढा अंगावर आला. हलगी वाजत होती, तिच्यावर डीजे. कुणीतरी माझ्या डोक्याला फेटा बांधला, तो सैल बसला, मी तो एका हाताने धरून सगळी मिरवणूक चालले. बॅनरवर माझा फोटो, मागे उडणारं विमान आणि विमानाच्या शेपटीपाशी भावाचा हात जोडलेला फोटो. वर लिहिलं होतं, 'तलवाड्याच्या लेकीची गगनभरारी'. विमान आमच्या कंपनीचं नव्हतं. ज्याने बॅनर छापला त्याला जे मिळालं ते त्याने लावलं होतं.

भाषणं लांबली. एका वक्त्याने आता बीडला विमानतळ आणायची जबाबदारी माझी असं जाहीर केलं. दुसऱ्याने गेवराई तालुक्यातल्या घराघरातला एक पोरगा विमानात चढवण्याची मागणी केली. मग माइक माझ्याकडे आला.

मी रात्रीच ठरवलं होतं काय बोलायचं. म्हटलं, "दिवस कठीण आहेत. विमानाच्या धंद्यात कधी काय होईल सांगता येत नाही. माझ्याकडे जी मुलं आहेत त्यांनी दुसरीकडेही प्रयत्न चालू ठेवावेत. कुणी माझ्या भरवशावर राहू नये. हे मी मनापासून सांगतेय."

सूत्रसंचालक मास्तरांनी माझ्या हातातला माइक जवळजवळ ओढून घेतला. "बघा मंडळी!" ते म्हणाले. "एवढ्या मोठ्या पदावर जाऊनसुद्धा ही नम्रता! याला म्हणतात आण्णांचे संस्कार!"

टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत आई पदराने डोळे पुसत होती.

गर्दीत मागे चकलांब्याचं एक कुटुंब उभं होतं. नवरा-बायको दोघं ऊसतोड करणारी. त्यांची मुलगी माझ्याकडे कामाला होती. चकलांब्याच्या शाळेत एका बक्षीस समारंभाला मी गेले होते, तिथे ती मला पहिल्यांदा भेटली होती. बारावी झालेली, उंच, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. लहानपणी अर्धं वर्ष आईबापाबरोबर कारखान्याच्या फडावर उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, काढायची आणि अर्धं वर्ष शाळेत. मी तिला मुंबईच्या विमानतळावर व्हीलचेअरच्या कामाला लावलं. म्हातारी माणसं तिला हटकून मागायची. गुडघे गेलेल्या बायकांना ती काखेत हात घालून अशी उठवायची की त्यांना उठल्याचं कळायचं नाही. पुढे ती काउंटरवर आली. तिचं इंग्रजी मोजकं होतं, पण ती ते न घाबरता बोलायची. घरून लग्नाचा विषय निघाला की ती पगार पाठवायची, मग विषय काही महिने मिटायचा.

सत्कारासाठी ती रजा घेऊन आली होती. तिच्या आईने माझी ओटी भरली. मी मुलीला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि दार लोटलं.

"तुला त्या दुसऱ्या कंपनीनं बोलावलं होतं ना?" मी विचारलं. मला सुपरवायझरकडून ते कळलं होतं.

ती दचकली. "मी न्हाई म्हनले त्यांना, मॅडम. कालच फोन केला."

"कालच?"

"तुमी खुर्चीवर बसलाव, आन मी आता सोडून जाऊ? लोक काय म्हनतील?"

"लोकांचं सोड. परत फोन कर. सांग चूक झाली, येते म्हणून."

ती हसली. मी तिची परीक्षा बघतेय असं तिला वाटलं. "मॅडम, तुमी न्हवत्या तवा मला भ्या वाटायचं कंपनीचं. सगळे म्हनायचे बंद पडती, बंद पडती. आता कशाला पडंल?"

मी तिला खांद्याला धरून सांगितलं की पडेल. मी असले तरी पडेल. ती ऐकत होती. पण बाहेर हलगी वाजत होती, माझ्या डोक्याला फेटा होता, केसांत झेंडूच्या पाकळ्या होत्या. अशा बाईने कंपनी बुडणार म्हणून सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार? "मी आन बाकीची पोरं लई मन लावून काम करू," ती म्हणाली. "तुमाला खाली बघायची येळ येऊ देनार न्हाई." एवढं बोलून ती माझ्या पाया पडली आणि बाहेर पंगत वाढायला गेली.

मुंबईला परत आल्यावर तिच्यासारखी आणखी बरीच असल्याचं दिसलं. जी मुलं जाण्याच्या बेतात होती ती थांबली. वैमानिक जात होते, इंजिनियर जात होते, त्यांना दारं उघडी होती. पण खालची माणसं, मी निवडलेली, माझ्या हाताखाली शिकलेली, ती थांबली. आपल्यातलंच कुणीतरी वर बसलंय, म्हणजे काहीतरी मार्ग निघणार, असं ती एकमेकांना सांगायची. मी त्यांना गोळा करून दोनदा सांगितलं. संचालक मंडळाने मला ताकीद दिली की असं उघड बोलाल तर प्रवासी तिकिटं काढायचे थांबतील आणि उद्या मरणारी कंपनी आजच मरेल. ते खोटं नव्हतं. मग मी एकेकाला बाजूला घेऊन सांगू लागले. ती मान हलवायची आणि पुन्हा शिफ्टला जायची.

मी काही हातपाय मारले नाहीत असं नाही. भाड्याच्या विमानांच्या मालकांना भेटायला दोनदा परदेशी गेले. एक गिऱ्हाईक मिळालं, कंपनी विकत घेऊ शकेल असं. त्यांची माणसं आली, आमच्या पाहुणचारात राहिली, विमानं, हँगर, माणसं सगळं बघून गेली. शेवटी निरोप आला की त्यांना फक्त मुंबई-दिल्लीच्या आमच्या उड्डाणांच्या वेळा हव्या आहेत, बाकी काही नको. बाकी म्हणजे आम्ही सगळे.

विमानं एकेक करून गेली. मालकांची माणसं यायची, हातात टॉर्च घेऊन आत फिरायची, सीटखाली वाकून बघायची. घर खाली करताना घरमालक भिंती बघतो तसं. पावसाळा संपता संपता जी उरली त्यांतली काही जागेवरच उभी होती, कारण त्यांची इंजिनं काढून दुसऱ्यांना बसवली होती. पंखाखाली रिकामी जागा, तिच्यावर ताडपत्री. सकाळी मी समोरच्या दारातून आत यायचे आणि कुणीतरी उठून जवळ यायचं. "मॅडम, या महिन्याचं काही..." कुणाच्या मुलीची फी, कुणाच्या आईचं ऑपरेशन. मी थांबून सगळ्यांचं ऐकायचे. उत्तर एकच असायचं. एका सकाळी ड्रायव्हरला म्हटलं, गाडी तळघरात घे. त्यानंतर मी समोरून कधी गेले नाही.

थंडी सरत आली होती तेव्हा ते झालं. शेवटचं विमान दुपारी मुंबईला उतरलं. उड्डाणं बंद करायचं पत्रक मीच लिहिलं होतं, आणि विमानतळावरच्या कँटीनमध्ये जाऊन मीच ते सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील, खुर्च्या फेकतील. कुणी काही केलं नाही. एक बाई डबा खात होती, तिने झाकण लावलं. मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, मग उद्याची शिफ्ट?"

"उद्या शिफ्ट नाही," मी म्हटलं.

चकलांब्याची मुलगी खांबाला टेकून उभी होती, युनिफॉर्ममध्ये, केस नीट बांधलेले. माझ्याकडे बघत होती. मी तिच्या दिशेने दोन पावलं टाकली, तेवढ्यात मला दुसऱ्यांनी घेरलं. नंतर बघितलं तर ती तिथे नव्हती. सुपरवायझर म्हणाला, ती सामानाच्या पट्ट्यापाशी गेलीय, शेवटच्या विमानातली एक म्हातारी व्हीलचेअरची वाट बघत बसली होती.

कोर्टाने दिवाळखोरीच्या कामासाठी एक माणूस नेमला. कायद्याने आता कंपनी त्याच्या ताब्यात, म्हणजे माझ्यानंतर त्या खोलीत तो बसणार. पोटाला सैल पट्टा लावलेला, सभ्य, थकलेला माणूस. मी त्याला किल्ल्या दिल्या, फायली दाखवल्या. त्याने खुर्चीत बसून, मागेपुढे हलून बघितलं. "ही बदलून मिळेल का?" त्याने विचारलं. "माझी पाठ धरते."

दुसरी लाकडी खुर्ची मीच बाजूच्या खोलीतून आणून दिली.

मी मुंबईची जागा सोडली आणि तलवाड्याला आले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण जायला दुसरीकडे काही नव्हतं. लग्न मी केलं नव्हतं. आई थकली होती. आईला काय झालंय ते पुरतं समजलं नव्हतं, ती शेजारणींना सांगायची, "लेक सुट्टीवर आलीया."

मधल्या काळात भाऊ निवडणूक हरला होता. विरोधकांनी प्रचारात माझंच नाव घेतलं होतं. "बहिणीनं कंपनी बुडवली, भाऊ जिल्हा बुडवणार," अशी रिक्षातून कर्ण्यावर ओरड होती म्हणे. तो मला एका शब्दाने बोलला नाही. सत्काराचे बॅनर मळ्यातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्यापाशी, कडब्याच्या गंजीवर पसरले होते, पाऊस लागू नये म्हणून. मी पहिल्या दिवशी मळ्यात गेले तर माझा फोटो आभाळाकडे तोंड करून पडलेला. भावाच्या लक्षात आलं. तो म्हणाला, "उलटा करून टाकतो." मी म्हटलं, राहू दे. कापड जाड होतं, गंज कोरडी राहिली, त्याच्यासाठी तेवढं बरं होतं.

पहिल्या महिन्यात पोरांचे आईबाप येऊन जायचे. ओट्यावर बसायचे, चहा घ्यायचे. भांडायला कुणी आलं नाही. एक जण बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला आणि म्हणाला, "आमचं पोरगं तवाच चाकनला जानार व्हतं कंपनीत. मीच म्हनलं थांब, आक्काच वर गेल्यात." त्याने कप खाली ठेवला, "चालतंय," म्हणाला आणि गेला. ते 'चालतंय' मला शिवीपेक्षा जड गेलं.

दुसऱ्या विमान कंपन्यांत मी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. आधी दोन रिंगमध्ये उचलायचे ते आता उचलत नव्हते. ज्यांनी उचलला ते म्हणाले, आमच्याकडे तुमच्याच लोकांचे ढीगभर अर्ज पडलेत. त्या मुलीसाठी तर मी त्याच कंपनीत फोन केला जिला तिने नाही म्हटलं होतं. ती जागा केव्हाच भरली होती.

अध्यक्षांच्या ओळखीच्या एका उद्योगपतीचा मात्र फोन आला. त्यांची एक कंपनी मरणपंथाला लागली होती. "तुम्ही ते सगळं फार व्यवस्थित पार पाडलंत," ते म्हणाले. "दंगा नाही, काही नाही. अशी माणसं मिळत नाहीत." खुर्ची तयार होती. मी नाही म्हटलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. त्यांना दुसरा कुणीतरी मिळाला असणार, आणि तिथल्या माणसांचं जे व्हायचं ते झालंच असणार.

चकलांब्याला जायला माझं मन धजत नव्हतं. पावसाळ्यात एकदा गेले. घरी मुलीची आई एकटीच होती, पाऊस उघडल्यावर अंगणातला चिखल ओढत होती. तिने मला बाजेवर बसवलं.

"लगीन झालं तिचं," ती म्हणाली. "पाटोद्याकडं दिली. उन्हाळ्यात उरकलं."

"तिला करायचं नव्हतं ना एवढ्यात?"

"न्हवतं करायचं. पर पोरगी घरी बसल्यावर किती दिस ठिवायची? लोक रोज इचारायचे, इमान बंद पडलं का म्हनून." तिने फावडं भिंतीला टेकवलं. तिचा सूर तक्रारीचा नव्हता. "पोरगा चांगला हाय. पेत न्हाई. कामाला लई चिवट हाय. त्याला कोयता पुरा करायचा व्हता, जोडीला बाईमानूस लागतं. मुकादम सुट्या मानसाला नेत न्हाई."

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हे मला ठाऊक होतं, आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं. तरी मी तिथे बसून तो शब्द पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत राहिले.

"ती मला काही बोलते का?" मी विचारलं.

"तुमाला? कावून बोलंल? तुमी काय केलं?" ती म्हणाली. मग पुढे, "तुमी न्हाई वर गेल्या असत्या तर ती गेली असती दुसरीकडं, हे खरं. पर ते कोनाला म्हाईत व्हतं."

मला माहीत होतं. मी तिला सांगितलंही होतं. पण ते त्या अंगणात बोलून दाखवण्यात काही अर्थ नव्हता.

दसरा झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या. मी पाटोद्याला बाजाराच्या दिवशी गेले. जनावरांसाठी सरकीची पेंड आणायची होती, भावाला वेळ नव्हता. आता घरातली अशी कामं मी करते. बाजाराच्या कडेला ट्रक आणि ट्रॅक्टर लागले होते. लोक सहा महिन्यांचा संसार चढवत होते, ताडपत्र्या, बाजरीची पोती, चुली, शेळ्या, कोंबड्यांची डालगी. त्यातल्या एका ट्रकपाशी ती दिसली. नव्या लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घातलेला, डोक्याला रुमाल. एका म्हाताऱ्या बाईला, बहुधा सासूला, ती ट्रकमध्ये चढवत होती. काखेत हात घालून, अलगद, कसलीही घाई न करता. म्हातारी वर जाऊन बसली तरी तिला आपण कधी चढलो ते कळलं नसावं.

तिने मला बघितलं आणि खाली आली.

"मॅडम, तुमी हिकडं?"

"पेंड न्यायला आले होते. बरी आहेस?"

"बरी हाय."

"कुठं निघालात?"

"कर्नाटकात. लांब हाय जरा." तिने हात शर्टाला पुसले. तळव्याला अजून घट्टे पडलेले नव्हते, आता पडणार होते. "आई कशा हायेत तुमच्या?"

"आहे. थकलीय."

मला तिला पुष्कळ सांगायचं होतं. मी किती फोन केले ते. कुठेतरी काहीतरी निघेल, मी बघते, असं. तोंडाशी आलंही. पण तसं एकदा सांगून झालं होतं, म्हणजे मी नसेल सांगितलं तरी माझ्या फेट्याने, माझ्या फोटोने सांगितलं होतं, आणि त्यातून काय झालं ते माझ्यासमोर उभं होतं.

"तू माझं ऐकायला पाहिजे होतंस," एवढंच माझ्या तोंडून निघालं. निघाल्यावर मला वाटलं हे तरी कशाला बोलले.

तिने डोक्याचा रुमाल घट्ट केला. "ऐकलं व्हतं की, मॅडम," ती म्हणाली. "पटलं न्हवतं."

वरून म्हातारीने हाक मारली. "कोन गं त्या?"

ती वळली आणि मोठ्याने म्हणाली, "आमच्या गावाकडच्या हायेत, आत्याबाई."

"बस म्हनावं की चहाला."

"जायचंय त्यांना."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. तिने चाकावर पाय ठेवला, फळीला धरून वर चढली आणि पोत्यांमध्ये जागा करून नवऱ्याशेजारी बसली. तिने मला हात केला नाही, आणि तोंडही फिरवलं नाही. ती आपली समोर बघत होती. ट्रक निघाला तशी धूळ उठली, बाजारातल्या बायकांनी भाजीवर गोणपाटं ओढली.

खिशातला फोन वाजला. भाऊ होता. "आक्का, दोन पोती आन. अन् पोतं फाटकं न्हाई ना ते बघून घे, मागच्या येळी सगळी सांडली."

मी दुकानात गेले, पोती उलटीसुलटी करून बघितली, टेम्पोत टाकायला सांगितली आणि घरी आले.